महाकण्ह आणि त्याची भावंडे : पालि वाङ्मयातील व लोकसमजुतींतील भयंकर कुत्री

मध्यरात्र उलटून गेल्यावर वस्तीतील एखादे कुत्रे मान वर करून लांब सूर काढू लागले की घरातले कोणी तरी उठते, दार उघडून त्याला हाकलते आणि पुन्हा अंथरुणावर पडण्यापूर्वी आजारी माणसाच्या खाटेकडे एकदा पाहून घेते. कुत्रे रडले की मरण जवळ आले. कुत्र्याला यमदूत दिसतात. अमावास्येच्या रात्री ते ज्या दिशेस तोंड करून भुंकते त्या दिशेने काही तरी चालत येत असते. घाटकोपर-मुलुंडच्या डोंगरउतारावरील वस्त्यांत या समजुती आजही ऐकू येतात. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आमच्या घरांतून देव्हारे गेले, नवस गेले, अंगात येणे बव्हंशी गेले. परंतु रडणाऱ्या कुत्र्याचे भय मात्र अनेक बौद्ध घरांत मागच्या दाराने टिकून राहिले आहे. आमच्या पालि अभ्यासवर्गात एका ज्येष्ठ उपासिकेने विचारले, "सर, बुद्धवाङ्मयात भुताची कुत्री आहेत का? आणि असतील, तर आम्ही त्यांना भ्यावे का?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'होय, आहेत' असे आहे. दुसऱ्याचे उत्तर एका शब्दात देता येण्याजोगे असले तरी तसे देणे अभ्यासकाला शोभणार नाही. म्हणून हा लेख.

प्रथम कुत्र्याचाच विचार करू. कुत्रा हा लांडग्याच्या कुळातील प्राणी. लांब सूर काढणे ही त्या कुळाची दूरच्या सोबत्याला हाक मारण्याची रीत आहे. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी कळतो, तर कुत्र्याच्या कानाला ४०,००० च्याही वरचा कळतो. त्याच्या डोळ्यांच्या मागील बाजूस प्रकाश परतवणारा एक थर असतो, त्यामुळे अंधारात कंदिलाचा किंवा विजेरीचा झोत पडताच ते डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. घ्राणेंद्रियाविषयी तर बोलायलाच नको. तेव्हा आपल्याला जे दिसत नाही, ऐकू येत नाही ते कुत्र्याला जाणवते, ही लोकसमजूत मुळात खरीच आहे. चूक आहे ती पुढच्या पायरीत, म्हणजे ते न दिसणारे काही तरी यमदूतच असले पाहिजे, या अनुमानात.

उपनगरांतील वाचकांना हे उदाहरणाने सांगता येईल. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पसरलेले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. २०१५ साली झालेल्या कॅमेरा-गणनेत या परिसरात ३५ बिबटे आढळले होते. वन्यजीव-अभ्यासकांनी बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी केली तेव्हा त्यांच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा असल्याचे दिसून आले. याचा अर्थ असा की, उद्यानाच्या कडेच्या वस्तीत रात्री दोन वाजता कुत्री एकाएकी एकवटून अंधाराकडे पाहत भुंकू लागतात, तेव्हा त्यांना मृत्यू दिसत असतो हे खरे, पण तो त्यांचा स्वतःचा! आणि त्या मृत्यूला चार पाय व अंगावर ठिपके असतात.

मज्झिमनिकायातील भयभेरवसुत्तात तथागतांनी जाणुस्सोणी ब्राह्मणाला हीच पद्धत सांगितली आहे. बोधीपूर्वी ते चतुर्दशी, पौर्णिमा-अमावास्या, अष्टमी अशा लोकांनी भयाच्या ठरवलेल्या रात्री मुद्दाम निर्जन वनचैत्यांत जाऊन राहत. कधी एखादे श्वापद येई, कधी मोर काटकी मोडी, कधी वाऱ्याने पाने सळसळत. भय उत्पन्न होई. चालताना भय आले तर चालतच, बसलेले असताना आले तर बसूनच ते भयाचा निरास करीत, तो होईपर्यंत आसन बदलीत नसत. भूत आहे की नाही या वादात हे सुत्त शिरत नाही. आवाज कशाचा आणि भय कोठे उपजते, एवढ्याच दोन गोष्टींकडे ते लक्ष वेधते.

आता जगाकडे वळू. मृत्यूच्या वाटेवर कुत्रा उभा करणे ही कल्पना फार जुनी व फार दूरवर पसरलेली आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाच्या मार्गावर सरमेची दोन पिल्ले पहारा करतात. ती चार डोळ्यांची व कबऱ्या रंगाची आहेत. अथर्ववेदात त्यांची नावे श्याम व शबल अशी येतात. चार डोळे म्हणजे डोळ्यांच्या वर असलेले दोन ठिपके, असा अर्थ अभ्यासक लावतात व तो आम्हांस ग्राह्य वाटतो. इराणी परंपरेतही असाच चार डोळ्यांचा कुत्रा आहे. पारशी समाजात प्रेताला कुत्र्याची दृष्ट दाखविण्याचा 'सगदीद' नावाचा विधी आहे व परलोकाच्या पुलापाशीही कुत्रे असतात असे त्यांचे ग्रंथ सांगतात. मुंबईच्या इतिहासात या श्रद्धेने एकदा मोठी उलथापालथ केली होती. १८३२ च्या जूनमध्ये इंग्रज सरकारच्या हुकमाने पोलीस बक्षिसाच्या लोभाने घराघरांपुढची कुत्री मारू लागले, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, इतर समाजांनीही साथ दिली आणि कोटातील व्यवहार बंद पडले. ग्रीकांचा केर्बेरोस हा अनेक मुखांचा कुत्रा पाताळाच्या दारात असतो. त्याचे नाव आणि 'शबल' हे नाव एकच, असे एकोणिसाव्या शतकातील काही युरोपीय पंडितांनी प्रतिपादिले होते, मात्र आजचे भाषाशास्त्रज्ञ त्याविषयी साशंक आहेत. मिसर देशात अनुबिस हा कोल्ह्या-कुत्र्याच्या मुखाचा देव प्रेतांचा रक्षक आहे.

इंग्लंडात तर काळ्या कुत्र्यांची भुते जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध कथेला तारीख आहे. ४ ऑगस्ट १५७७ रोजी पूर्व इंग्लंडातील बंगे या गावच्या चर्चमध्ये उपासना चालू असता भयंकर वादळ झाले आणि एक काळा कुत्रा लोकांमधून धावत गेला, त्याच्या स्पर्शाने माणसे मेली, असे अब्राहम फ्लेमिंग याने त्याच वर्षी छापलेल्या पत्रकात वर्णन आहे. जवळच्या ब्लायबरो गावच्या चर्चच्या दारावरील जळके डाग त्याच कुत्र्याच्या नखांचे म्हणून आजही दाखवितात. चर्चवर वीज पडली होती, हे उघड आहे. पण वीज पडली असे म्हटल्याने 'आमच्याच चर्चवर का?' या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, कुत्र्याने मात्र ते मिळते. आर्थर कॉनन डॉइल यांनी १९०१-०२ मध्ये क्रमशः प्रसिद्ध केलेल्या बास्करव्हिलच्या कुत्र्याच्या कादंबरीत अशाच भुताच्या तोंडाला एका लोभी माणसाने स्फुरद फासलेला असतो. तो कुत्रा खरा, भूत खोटे आणि लोभ सर्वांत खरा!

पालि वाङ्मयात ही जुनी कुत्री आली आहेत, परंतु येताना त्यांची नोकरी बदलली आहे. सुत्तनिपाताच्या कोकालियसुत्तात व निमिजातकात साम आणि सबल ही नरकातील कुत्री आहेत. नावावरून ओळख पटते, ती यमाचीच. मात्र वेदात ती सर्व मेलेल्यांच्या वाटेवर उभी आहेत आणि तेथून सुखरूप जाण्यासाठी मंत्राची गरज आहे. पालि गाथांत ती केवळ दुष्कर्म करणाऱ्याच्या वाट्याला येतात व त्यांना मंत्राने वळविता येत नाही. पुरोहिताच्या मध्यस्थीला तेथे जागाच उरलेली नाही. नरकाची वर्णने आम्हांस विशेष प्रिय नाहीत हे येथेच सांगून टाकतो. पण हा बदल लहान नव्हे.

पेतवत्थूतील कण्णमुण्ड-पेतीची कथा याहून सूक्ष्म आहे. हिमवंतातील कण्णमुण्ड सरोवराच्या काठी एक स्त्री सुवर्णविमानात राहते. दिवसभर तिला सर्व सुखे आहेत. मध्यरात्री ती उठून पुष्करिणीपाशी जाते, कान कापलेला एक भयंकर कुत्रा येतो व तिला हाडे उरेपर्यंत खातो. ती पाण्यात पडते आणि पुन्हा पूर्ववत होऊन विमानात परतते. रोज हेच. पूर्वी किंबिल नगरात ती एका उपासकाची पत्नी होती. तिच्याकडून व्यभिचार घडला, पतीने विचारले तेव्हा तिने नाकारले आणि समोर असलेल्या कानकाप्या कुत्र्याकडे बोट दाखवून 'मी तसे केले असेल तर हा मला खावो' अशी शपथ घेतली. तोच कुत्रा आता येतो. त्याला कोणत्याही देवतेने पाठविलेले नाही, तिच्याच शब्दांतून तो जन्मला आहे. खोटी शपथ रात्री माणसाला कशी खाते हे ज्याने अनुभवले असेल त्याला ही कथा समजावून द्यावी लागणार नाही. मात्र दोन गोष्टी नोंदविणे आम्हांस आवश्यक वाटते. पेतवत्थूच्या कर्त्यांचा हात स्त्रियांच्या बाबतीत फार जड आहे. तिच्या जाराला कोणता कुत्रा खातो याची चौकशी या कथेत कोणी केलेली नाही. दुसरे असे की, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बुद्धवचन पारखण्याची कसोटी दिली आहे. जे विवेकाला धरून नाही व जे मानवाच्या कल्याणाशी संबद्ध नाही ते तथागतांच्या तोंडी घातले गेले असले तरी स्वीकारू नये, असा तिचा आशय. या कसोटीवर पेतवत्थू परलोकाचा भूगोल म्हणून टिकत नाही. मनाच्या यातनांची उपमा म्हणून वाचले तर त्यातील काही कथा टिकतात, आणि कण्णमुण्ड त्यांपैकी एक आहे.

आता ज्याच्या नावाने हा लेख लिहिला तो महाकण्ह. जातकांतील ४६९ वी कथा त्याची. कस्सप बुद्धाचे शासन ओसरले होते. भिक्खू अयोग्य उपजीविका करीत होते, कोणीच आपला धर्म पाळत नव्हते. देवलोकात नवीन कोणी येईना तेव्हा सक्काने खाली पाहिले आणि एक उपाय योजिला. त्याने आपला सारथी मातली याला एका प्रचंड काळ्या कुत्र्याचे रूप दिले. आकार उमद्या घोड्याएवढा, चार सुळे केळ्यांएवढे, पोट गर्भिणीसारखे, गळ्यात तांबड्या फुलांची माळ. त्याला पाचपदरी दोराने बांधून, स्वतः पारध्याचा वेष घेऊन, धनुष्याची दोरी टणत्कारीत सक्क वाराणसीबाहेर उतरला आणि जग नष्ट होणार असे ओरडला. लोक नगरात पळाले. उसीनर राजाने दरवाजे लावविले. कुत्रा तट उडून आत आला, राजवाड्याच्या खिडकीवर पुढचे पाय टेकून त्याने अशी डरकाळी फोडली की खालच्या नरकापासून वरच्या स्वर्गापर्यंत ती पोहोचली. राजाने धीर करून विचारले, "पारध्या, तुझा कुत्रा का ओरडतो?" "भूक लागली आहे." राजाने घरातले सर्व अन्न घालविले, ते एका घासात संपले. हत्ती-घोड्यांचे घातले, तेही संपले. तेव्हा राजाला कळले की हे नेहमीचे कुत्रे नव्हे.

येथवर कथा जगातील कोणत्याही राक्षसी कुत्र्याची असू शकेल. यापुढे ती केवळ पालिची आहे. राजा विचारतो, "हा खातो तरी कोणाला?" सक्क एकेक नाव सांगत जातो. मुंडन करून, संघाटी पांघरून, हाती पात्र घेऊन जे नांगर धरून पोट भरतात ते भिक्खू. तशाच वेषधारी भिक्खुणी. जटा वाढवून व्याजबट्टा करणारे तपस्वी. वेद म्हणून मोलाने यज्ञ करणारे ब्राह्मण. सामर्थ्य असूनही म्हाताऱ्या आईबापांना न पोसणारे पुत्र. यादी आणखी पुढे जाते. महाकण्हाला चोरटे-व्यभिचारी वर्ज्य नाहीत, पण त्याची पहिली भूक धर्माचा वेष घेऊन फिरणाऱ्यांसाठी आहे. आणि यादीच्या अगदी आरंभी, ज्यांनी ही कथा शतकानुशतके जपली त्यांच्याच संघातील दुराचारी भिक्खू आहेत! आपल्या ग्रंथात आपल्यावरच सोडलेले कुत्रे बांधून ठेवणारा असा दुसरा पुरोहितवर्ग आम्हांस ठाऊक नाही. विहारांच्या विश्वस्तमंडळांनी वर्षातून एकदा तरी या जातकाचे वाचन ठेवावे, असे सुचवावेसे वाटते. राग मानू नये.

जाता जाता एक गंमत. 'कण्ह' म्हणजे काळा. बोरिवलीच्या अरण्यातील आपली कान्हेरी लेणी शिलालेखांत 'कण्हसेल' या नावाने येतात, ती त्या काळ्या कातळावरून. इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून पुढे कित्येक शतके त्या काळ्या डोंगरात भिक्खू राहिले. रात्री कुत्री भुंकली असतील, वाघ-बिबटे फिरले असतील. तेथील ९० क्रमांकाच्या लेण्यात अवलोकितेश्वराभोवती माणसाची महाभये कोरली आहेत. सिंह आहे, हत्ती आहे, सर्प आहे, अग्नी आहे, बुडते जहाज आहे, बेड्या आहेत. व्यापाऱ्यांच्या व वाटसरूंच्या रोजच्या जीवनातील खरी भये. भुताचे कुत्रे मात्र त्यांत नाही.

कुत्र्याच्या भयकथेला आणखी एक बाजू आहे आणि आंबेडकरी वाचकाने ती डोळ्यांआड करून चालणार नाही. जेथे जेथे राक्षसी कुत्रा निर्माण झाला, तेथे तेथे त्याच्या शेजारी एखादा माणूसही उभा केला गेला. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात क्टेसियस या ग्रीक वैद्याने भारताच्या डोंगरांत कुत्र्याच्या मस्तकाची माणसे राहतात असे लिहून ठेवले. इकडे भारतात वर्णव्यवस्थेने ज्यांना बाहेर काढले त्यांना 'श्वपच', म्हणजे कुत्रे शिजविणारा, असे नाव दिले. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाल व श्वपच यांचे निवासस्थान गावाबाहेर, भांडी फुटकी, वस्त्रे प्रेतावरची आणि धन म्हणजे कुत्री व गाढवे, असे लिहिले आहे. तिसऱ्या अध्यायात जेवणाऱ्या ब्राह्मणांवर ज्यांची दृष्टी पडू नये त्यांच्या यादीत चांडाल आणि कुत्रा जवळजवळ बसले आहेत. डेव्हिड गॉर्डन व्हाइट या अभ्यासकाने १९९१ साली श्वानमुखी माणसांच्या मिथकांवर लिहिलेल्या ग्रंथात ग्रीक, चिनी व भारतीय कथांतून हाच धागा उलगडून दाखविला आहे. परका, रानटी, बहिष्कृत यांना कुत्र्याचे तोंड लावले की त्यांना हाकलणे सोपे जाते.

जपानचे उदाहरण तर अंगावर काटा आणणारे आहे. शिकोकू बेटावर 'इनुगामी' नावाच्या श्वानपिशाचाची समजूत आहे. कुत्र्याला मानेपर्यंत पुरून, समोर अन्न ठेवून, उपासमारीने मारले की त्याचे पिशाच मालकाचे चाकर बनते व शत्रूला पछाडते, असे म्हणत. यात भूत काल्पनिक होते, परिणाम काल्पनिक नव्हता. काही कुटुंबे 'इनुगामी बाळगणारी' म्हणून गावाने ठरवून टाकली. हा डाग वंशपरंपरेने, विशेषतः मुलींकडून पुढे जातो असे मानले गेले आणि त्या घराशी सोयरीक करणे लोकांनी टाळले. विसाव्या शतकातही हे चालू होते. ज्या देशात आमच्यासारखी वर्णव्यवस्था नाही तेथे केवळ एका भुताच्या कुत्र्याच्या बळावर बेटीबंदी निर्माण होऊ शकली!

आमच्या गावगाड्यात तर भुतांचा नकाशा आणि अस्पृश्यतेचा नकाशा एकावर एक ठेवता येतो. वेस, मसणवटा, ओढ्यापलीकडचे झाड या भुताच्या जागा, आणि रात्री वेशीवर पहारा करण्याचे काम वेसकर महाराचे. मयताची वर्दी देणे, मेलेले ढोर ओढणे ही कामेही त्याचीच. गाव ज्या अंधाराला भीत होते त्या अंधारात हातात काठी देऊन आमचे पूर्वज उभे केले गेले, आणि त्यांच्या सोबतीला असे ते कुत्रे. पुढे त्याच पूर्वजांना व त्याच कुत्र्याला गावाने अशुभ म्हटले. तुलना येथे संपत नाही. कारण कुत्र्याला जे मिळे तेही माणसाला नाकारले गेले. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले त्यामागे हाच विरोधाभास होता की जनावरे ज्या तळ्याचे पाणी पीत तेथे माणसाला ओंजळ भरता येत नव्हती. १४ ऑगस्ट १९३१ रोजी मणिभवनात गांधीजींना भेटले असता, ज्या देशात आम्हांला कुत्र्यामांजरांपेक्षाही वाईट वागविले जाते त्याला मी माझा देश कसा म्हणू, अशा आशयाचा प्रश्न बाबासाहेबांनी केला, तो या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे.

म्हणूनच कुक्कुरजातक आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते. वाराणसीचा ब्रह्मदत्त राजा संध्याकाळी उद्यानातून परतला, रथ अंगणातच राहिला. रात्री पाऊस पडून चामड्याचे साज भिजले व राजवाड्यातील जातिवंत कुत्र्यांनी ते कुरतडून खाल्ले. नोकरांनी सांगितले की बाहेरची कुत्री मोरीतून आत शिरली. राजाने दिसेल ते कुत्रे मारण्याचा हुकूम सोडला. राजवाड्यातील कुत्री तेवढी वगळून! उरलेली कुत्री पळत महास्मशानात गेली, तेथे बोधिसत्त्व कुत्र्याच्या जन्मात राहत होता. पाहा, स्मशानातले कुत्रे, ज्याला पाहून जग दचकते, तेच या कथेचे नायक आहे. ते एकटे, मैत्रीभावनेने, भर रस्त्यातून दरबारात गेले, राजासनाखाली शिरले आणि बाहेर येऊन त्याने राजाची उलटतपासणी घेतली. "अपराधी कोणते कुत्रे हे तुला ठाऊक आहे काय?" "नाही." "मग सर्वांना का मारतोस?" "साज खाल्ले म्हणून." "सर्वांना मारतोस की काहींना सोडतोस?" "वाड्यातील सोडून." यावर त्याने राजाला सांगितले की हा न्याय नव्हे, ही दुर्बळांची हत्या आहे, आणि तू छंद, द्वेष, मोह व भय या चार अगतींच्या मार्गाने चालला आहेस. मग ताकात दर्भ वाटून वाड्यातील कुत्र्यांना पाजावयास लावले, तेव्हा त्यांनी चामड्याचे तुकडे ओकून टाकले. पुरावा समोर पडला.

महाभारताच्या आदिपर्वातही याची एक दूरची बहीण आहे. जनमेजयाच्या यज्ञात सरमेच्या निरपराध पिल्लाला त्याचे भाऊ मारतात, तेव्हा ती कुत्री शाप देते की तुमच्यावर न दिसणारे भय येईल. तेथे अन्याय शापात संपतो आणि शापनिवारणासाठी पुरोहित शोधावा लागतो. जातकात अन्याय पुराव्याने संपतो. दोन परंपरांतील अंतर मोजायला आम्हांला दुसरे माप नको.

कुत्र्याला भिण्याची दुसरी टोकाची अवस्था म्हणजे कुत्रा होणे. कोलिय देशातील हलिद्दवसन या निगमात सेनिय नावाचा एक नग्न तपस्वी 'कुक्कुरवत' पाळीत असे. जमिनीवर टाकलेले अन्न खाई, कुत्र्यासारखा अंग मुडपून बसे. या व्रताचे फळ काय, असे विचारल्यावर तथागतांनी दोनदा उत्तर टाळले, तिसऱ्यांदा सांगितले की हे व्रत पूर्णपणे पाळणारा कुत्र्यांच्या संगतीला जाईल, आणि याने मी देव होईन असे मानणे ही मिथ्यादृष्टी आहे. सेनिय रडला. त्याला कोणी हिणवले नाही. पुढे तो संघात आला व अर्हत झाला, असे मज्झिमनिकाय सांगतो. आपल्याकडे खंडोबाचे वाघ्ये कुत्र्यासारखे भुंकत, कोटंब्यातील अन्न भुईवर ठेवून तोंडाने खात, अशा नोंदी अभ्यासकांनी केल्या आहेत. देवाचा कुत्रा होण्यात भक्तीचा कळस आहे असे त्यांना शिकविले गेले होते. ही माणसे बव्हंशी खालच्या मानलेल्या जातींतून, नवसाने वाहिलेली. जून १९३६ मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये वाघ्या-मुरळी, जोगतिणी, देवदासी यांच्यासमोर बाबासाहेब बोलले, ते ही वृत्ती सोडून स्वाभिमानाने जगा हे सांगण्यासाठीच. हलिद्दवसनातील संवाद आणि परळचे भाषण यांत सुमारे अडीच हजार वर्षांचे अंतर आहे, एवढेच.

शनीची पीडा टळावी म्हणून शनिवारी काळे कुत्रे शोधून त्याला पोळी घालणाऱ्या आमच्या बांधवांविषयीही दोन शब्द. पोळी अवश्य घालावी. कुक्कुरजातकातला राजाही शेवटी कुत्र्यांना नित्य अन्न लावून देतो. पण ती कोणत्याही रंगाच्या, कोणत्याही वारी भुकेल्या असलेल्या कुत्र्याला घालावी. काळ्यालाच शोधत फिरणे म्हणजे कुत्र्याला अन्न देणे नव्हे, ग्रहाला लाच देणे होय.

अखेरीस, एक भयंकर कुत्रा खरोखरच अस्तित्वात आहे. तोंडाला फेस, डोळे तांबारलेले, मालकालाही न ओळखणारा, वाटेत येईल त्याला चावणारा. जगातील बहुतेक राक्षसी कुत्र्यांचे वर्णन पिसाळलेल्या कुत्र्यावरून घेतले आहे असे आम्हांस वाटते. त्याच्या चाव्यानंतर पाण्याला भिण्याचे लक्षण सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात 'जलत्रास' म्हणून वर्णिले आहे, व ते दिसल्यावर रोगी वाचत नाही हेही तेथे नोंदले आहे. आजही ते तितकेच खरे आहे. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर उपाय जवळजवळ नाही. पण चावा आणि लक्षणे यांच्यामध्ये बहुधा एक ते तीन महिने जातात, आणि ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या मुलाला लस टोचविली तेव्हापासून हे महिने माणसाच्या हातात आले आहेत. तरीही जगभरात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने मरतात असा अंदाज आहे, आणि त्यांतील फार मोठा वाटा भारताचा आहे. यांतील कित्येक जण दवाखान्याऐवजी प्रथम मांत्रिकाकडे, गंडादोरा करणाऱ्याकडे जातात. हेच महिने तेथे वाया जातात.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडा केला तो त्यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर त्याच वर्षी झाला. जादूटोणाविरोधी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कायद्याच्या अनुसूचीत साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या व्यक्तीला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा म्हणून नोंदला आहे. हे कलम आपल्या वस्तीतील प्रत्येकाला माहीत असले पाहिजे. कुत्रे चावले वा त्याच्या नखांनी ओरखडा आला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिला हळद, मिरची, चुना काहीही लावू नये. त्याच दिवशी महानगरपालिकेच्या वा सरकारी रुग्णालयात जाऊन लस घ्यावी, जखम खोल असल्यास लसीबरोबर जे तयार प्रतिद्रव्य देतात त्याविषयी डॉक्टरांना विचारावे, आणि कार्डावर लिहून दिलेल्या तारखांना उरलेली सर्व इंजेक्शने, जखम भरून आली असली तरीही, पूर्ण करावीत.